खाऱ्या बाटलीतला वाल

लॅमिनारसमोर बसली की मावशी श्वास घेत नसे. हे मी अलंकारिक बोलत नाही. लॅमिनार म्हणजे गाळलेली हवा सोडणारं काचेचं कपाट. त्यात हात घालून तिनं चिमटा स्पिरिटच्या दिव्यावर धरला, बाटलीचं झाकण फिरवलं, की तिची छाती थांबायची आणि झाकण परत लागेपर्यंत थांबलेलीच असायची. तेवढ्या वेळात तिनं भिजवलेल्या वालाच्या दाण्यातला, तांदळाच्या कणीएवढा गर्भ उचलून बाटलीतल्या माध्यमावर, म्हणजे जेलीसारख्या थिजलेल्या खाद्यावर, नीट उभा केलेला असायचा. मग श्वास. मग दुसरी बाटली. जेवायच्या सुट्टीत बाहेर आली की आधी दाराशी उभी राहून चार-पाच वेळा खोल श्वास घ्यायची आणि सकाळपासून तोंडात अडकलेलं सगळं एका दमात बोलून टाकायची.

आमची प्रयोगशाळा पेणला, रामवाडीत एका इमारतीच्या तळमजल्यावर होती. तीन खोल्या, एक एसी, आणि जॅमच्या बाटल्यांनी भरलेल्या मांडण्या. सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्तीला आलेले. त्यांना तीन वर्षांचा एक प्रकल्प मिळाला होता. खाडीकाठच्या शेतांचे बांध फुटतात, खारं पाणी आत येतं, आणि भात चार वर्षांनी कसाबसा परत आला तरी भातामागचा वाल येत नाही. म्हणून वालाच्या पेशी बाटलीत मीठ घालून वाढवायच्या, त्यातल्या ज्या तगतील त्यांच्यापासून पुन्हा अख्खं रोप उभं करायचं, आणि ते खाऱ्या जमिनीत लावायचं. कागदावर हे चार ओळींत मावत होतं. मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते, रोह्याहून रोज गाडीनं यायचे. सर, मी आणि झाडूपोछाला मावशी, एवढाच आमचा संसार.

मावशी कासूच्या पलीकडच्या, खाडीकडच्या एका गावातली. सकाळच्या गाडीत कासूला चढायची. लहानपणापासून मिठागरात काम केलेलं, त्यामुळे पायाच्या टाचा आणि बोटांची पेरं कायमची उललेली. ती लॅमिनारवर कशी बसली, हे सांगायचं तर मला माझी लाज सांगावी लागेल. पहिले सहा महिने माझ्या बाटल्यांत बुरशी यायची. हात धुतले, हातमोजे बदलले, तरी चौथ्या दिवशी झाकणाखाली पांढरा कापूस. सर एकदा वैतागून म्हणाले, "अगं, तू आत नेमकं करतेस काय?" मागून, काच पुसता पुसता, मावशी म्हणाली, "सर, ही बाय बाटलीवर बोलते."

खरं होतं. पुढची पायरी विसरू नये म्हणून मी ती पुटपुटत असे.

"मिठाच्या वाफ्यात पन तसंच," ती म्हणाली. "खडा धरायला लागला का कुनी पाय नाय घालायचा, काय नाय. गप ऱ्हायाचं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा मावशी. दाखवा." तिनं कोपरापर्यंत हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि बसली. स्पिरिट पेरांच्या भेगांत गेलं तेव्हा डोळे नुसते बारीक केले. तिच्या बाटल्या आठवड्यानंतरही स्वच्छ होत्या. तेव्हापासून मी माध्यम शिजवायची, मावशी बसायची. तिचा नवरा नागोठण्याच्या बाजूला कंपनीत ठेकेदाराकडे होता. तो गावात सांगायचा, "आमची बायको बाटलीत शेती करते." तीच हे आम्हाला हसत हसत सांगायची.

ती प्रश्न विचारायला घाबरत नसे. माध्यमात घालायचं मीठ मी तराजूवर तोलत होते, तेव्हा तिनं बरणी हातात घेतली, चिमूटभर बोटावर घेऊन पाहिलं. "हे कुठलं गो?"

"कंपनीचं, शुद्ध असतं."

"मंग यात जगलेला वाल आमच्या खाऱ्यात कसा जगंल? आमच्या पान्यात नुसतं मीठ नाय. त्यात चिकल हाय, कडवन हाय, काय काय हाय."

मी हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिला खाडीचं पाणी आणायला सांगितलं. ती पाच लिटरचा कॅन गाडीत मांडीवर घेऊन आली. ते गाळून, कुकरमध्ये वाफवून आम्ही माध्यमात घालायला लागलो, आधी थोडं, मग जास्त. प्रकल्पाच्या कागदात हा बदल सरांनी स्वतःच्या जबाबदारीवर केला. त्यांच्याबद्दल पुढे मला राग आला तरी हे मी विसरत नाही.

वालही तिनंच बदलला. आम्ही पेणच्या दुकानातून आणायचो. तिनं एक दाणा दाढेखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "ह्यो आपल्याकडचा नाय. आपला आधी तुरट, मंग गोड." दुसऱ्या दिवशी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. आत राखेत घोळलेला वाल होता, बारीक, काळसर, दुकानातल्यापेक्षा निम्मा. तिच्या शेतातला. त्या शेताची गोष्ट तिनं तेव्हाच सांगितली. बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, आणि भरतीचं पाणी आत शिरलं. गावानं अर्ज केले, माणसं येऊन पाहून गेली, पुढच्या उधाणाला खांड रुंदावली. आता शेतात तिवरं, खाऱ्या चिखलातली झाडं, उगवली होती. इतरांनी त्या वर्षी घरातला वाल शिजवून खाल्ला. पेरायला जमीन नाही तर बी ठेवून काय करायचं? हिनं मात्र ठेवलं. दरवर्षी वरच्या गावाहून गोड्या मातीच्या चार पाट्या आणायची, दाराशी चार वेल लावायची, आणि येईल तेवढं बी परत डब्यात.

"खायला नाही घेतलंस कधी?" मी विचारलं.

"एकदा. सासरा जायच्या वक्ताला. त्याला बिरडं पायजे होतं."

सर म्हणाले, असा मूळचा, या खारपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला वाणच हवा. त्यांचं बरोबर होतं. ते म्हणाले, "मावशी, थोडे दाणे लागतील." मग म्हणाले, "अजून थोडे." गर्भ काढताना दाणा वाया जातो, आणि कडधान्यं बाटलीत फार हट्टी असतात. केळी, ऊस पटापट वाढतात. वालाचा गोळा होतो, तपकिरी पडतो, मरतो. मावशी डबा पुन्हा पुन्हा घेऊन यायची. शेवटी म्हणाली, "रोज कुठं वाहायचा," आणि डबा आमच्याच कपाटात ठेवून गेली. त्या वर्षी तिनं दाराशी वेल लावले नाहीत.

पहिलं दीड वर्ष आम्ही मरणच पाहिलं. मेलेल्या बाटल्या धुवायला टाकण्याआधी ती प्रत्येक उजेडात धरायची, कुठे हिरवा ठिपका राहून गेला नाही ना. माझी त्यावर चिडचिड व्हायची, कारण गाडी चुकायची. एकदा मी म्हटलं, "मावशी, मेलेलं कळतं की लांबूनच." ती म्हणाली, "तुला कळतंय. मना नाय कळत." आणि पुढची बाटली उचलली.

अशाच एका बाटलीत तिला तो दिसला. पूर्ण खाडीच्या पाण्यावरची बाटली, तपकिरी गोळा, आणि त्याच्या कडेला मोहरीएवढा हिरवा फुगवटा. ती बाटली दोन्ही हातांत धरून सरांच्या टेबलापर्यंत चालत गेली आणि ठेवली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोंब आहे," ते म्हणाले. मावशी म्हणाली, "व्हय." त्या दिवशी तिनं आम्हा दोघांना बाहेरच्या गाडीवरचा वडापाव खाऊ घातला.

कोंब वाढले, पण त्यांना मुळं फुटेनात. मी सुचवलं, साध्या वालाच्या रोपावर कलम करू. सर म्हणाले, "मीठ मुळांनी सोसायचं आहे. मुळं याचीच हवीत." त्यात सात-आठ महिने गेले. शेवटी तीन कोंबांना मुळं आली. त्यातले दोन, बाटलीतून कुंडीत काढल्यावर, आठवडाभरातच माना टाकून बसले. तिसऱ्यावर मावशीनं प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि रोज एक भोक पाडून त्याला बाहेरची हवा दाखवली. रविवारीही कासूहून यायची, तेवढ्या एका भोकासाठी. ते रोप जगलं. त्याला आम्ही खारं पाणी घातलं, तरी जगलं. खिडकीच्या गजाला वेल चढला आणि एक दिवस त्याला फुलं आली, पांढरी.

सकाळी फुलं खाली पडलेली असायची. पहिल्या दिवशी वाटलं, वारा. दुसऱ्या दिवशी वाटलं, पाणी जास्त झालं. आठवडाभरानंतर सरांनी एक फूल सूक्ष्मदर्शकाखाली नेलं, त्यातल्या परागावर लाल रंगाचा थेंब सोडला. जिवंत पराग तो रंग घेतो. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग उठून मावशीला बसायला खुर्ची दिली.

"आधी हे पाहा. हा दुकानातल्या वालाचा."

"लाल लाल दाणे हायत."

"आता हा आपला."

तिनं पाहिलं. डोळा काढला नाही. "रिकामे हायत," ती म्हणाली.

सरांनी समजावलं, की पेशी फार काळ बाटलीत राहिल्या की त्यांच्या आत मोडतोड होते. झाड उभं राहतं, पण बी धरत नाही. मग दुकानातल्या वालाचा पराग कुंचल्यानं लावून पाहिला, मावशीनंच लावला, तीही फुलं गळाली. फांद्या तोडून लावल्या, त्या कुजल्या. "म्हंजे हिला शेंग धरायचीच नाय?" तिनं विचारलं. "नाय, मावशी," सर म्हणाले. ते पुण्याच्या बोलीतले गृहस्थ. त्यांच्या तोंडी हा 'नाय' मी त्या एकदाच ऐकला.

प्रकल्पाचे काही महिने उरले होते. सर म्हणाले, "हरकत नाही. आता वाट माहीत झाली. पहिल्यापासून करू, या वेळी पेशी इतका काळ बाटलीत ठेवायच्या नाहीत. मावशी, उद्या थोडं बी घेऊन या."

मावशी त्यांच्याकडे पाहतच राहिली. "बी हितंच हाय ना सर. डबा ठेवलेला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाट उघडलं. उघडायची गरज नव्हती, मला माहीत होतं. डब्यात राख होती. शेवटचे दाणे मी दिवाळीनंतर घेतले होते, वहीत तशी नोंदही केली होती. मला वाटलं होतं, आणखी बी मावशीच्या घरी आहे. मावशीला वाटलं होतं बाजूला काढून ठेवलंय, शिकलेली माणसं आहेत. सरांना काय वाटलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्याचाच मला पुढे राग आला. इतक्या महिन्यांत हा एक प्रश्न तिघांपैकी कुणी विचारला नव्हता.

तिनं डब्यात हात घातला, राख चाळली. बोटं पुसली. "शिजवून खाल्ला असता तरी पोटात गेला असता," एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग तिनं रोजच्यासारखी फरशी पुसायला घेतली.

मुदतवाढ मिळाली नाही. खोल्या रिकाम्या करताना बाटल्या भंगारवाल्यानं नेल्या, एसी कुणीतरी काढून नेला. मावशीनं सरांकडे एकच गोष्ट मागितली, ते रोप. सरांनी द्यावं की नको असा विचार केला आणि दिलं.

आम्ही दोघी ते तिच्या शेतात लावायला गेलो. कासूला उतरून तासभर चाललो, पुढे बांधावरून. तिनं कुंडी कमरेवर मूल घ्यावं तशी घेतली होती. मी वाटेत तिला सांगून टाकलं, जे सरांनाही सांगितलं नव्हतं. शेवटचे दाणे गर्भ काढण्याआधी जंतू मारायच्या औषधात दहा मिनिटं धुवायचे होते, तेव्हा मला पुण्याहून नोकरीच्या मुलाखतीचा फोन आला. मी बाहेर बोलत राहिले. दाणे जवळजवळ तासभर औषधात राहिले आणि मेले. वहीत मी फक्त 'उगवण नाही' असं लिहिलं.

"मना ठाव हाय," मावशी म्हणाली. "दाने पांढरे पडलेले. मीच ठेवले ना बाटलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय उगवनार होते?" ती चालत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "नोकरी लागली का गो?"

लागली नव्हती.

तिवरांच्या अलीकडे, बांधाच्या पायथ्याशी, तिच्या शेताची एक पट्टी पाण्याबाहेर उरली होती. तिथे मातीवर मिठाची पांढरी साय होती. तिनं खड्डा केला, रोप लावलं, आधाराला तिवराची वाळलेली काठी खोचली. आणि ते जगलं. याच्यावर कोण विश्वास ठेवेल माहीत नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जिथं गवताची काडी नव्हती तिथं तो वेल हिरवागार वर चढला, त्याला फुलं लागली. गावातले लोक बांधावर येऊन पाहून जायचे. एक म्हातारा म्हणाला, "झाला की वाल, आता पेरा सगळीकडं." मावशीनं त्याला काही समजावलं नाही. फुलं पडत राहिली. उन्हाळा लागल्यावर वेल खालून वाळत आला. मी गेले त्या दिवशी वरची दोनच पानं हिरवी होती. मावशी त्याला पाणी घालत नव्हती, शेजारी नुसती बसली होती. पुढच्या उधाणात ती पट्टीही गेली.

सर निवृत्त होऊन मुलाकडे गेले. मावशी रोह्याजवळच्या एका कारखान्यात साफसफाईला लागली. मी रोह्याच्या एका शाळेत शिकवू लागले. आणि दर हिवाळ्यात शोधत राहिले. रोह्याचा बाजार, पेणचा बाजार, नागोठण्याला रस्त्याकडेला बसणाऱ्या बायका, कुणाच्या माहेरचं, कुणाच्या मामाचं. बारीक, काळसर वाल दिसला की मूठभर घ्यायचा आणि तिची शिफ्ट सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहायचं. ती एक दाणा दाढेखाली धरायची, थोडा वेळ चावायची आणि थुंकायची. "नाय गो. हा नुसता तुरट." पुढच्या वर्षी, "हा जवळ हाय. पन नाय." असं पाच-सहा हिवाळे चाललं. तिचं वजन उतरत गेलेलं मला दिसत होतं. विचारलं तर म्हणायची, कारखान्यातला धूर, दुसरं काय.

मागच्या हिवाळ्यात मी तिला घरी भेटायला गेले. ती पडवीत खाटेवर होती, नवऱ्यानं उठवून बसवलं. मी पुडी उघडली. तिनं दाणे तळहातावर घेतले, बोटानं सारखे केले. तोंडात एकही घातला नाही.

"ह्योच हाय," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"ह्योच हाय गो बाय. मिळाला. आता नको शोधू."

नवरा खूश झाला, शेजारणीला हाक मारून दाखवला. मी पुडी परत बांधली. निघताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तीन आठवड्यांनी ती गेली.

तो वाल मी रोह्याच्या घरामागं लावला आहे. चांगला धरतो, शेंगांनी वाकतो. त्यातला एक दाणा मी दाढेखाली धरून पाहिला होता. नुसता तुरट आहे.